सोवळ्यातली स्टेपनी

संकल्प सोडताना माणूस आधी आपण कुठे आहोत ते सांगतो, मग कोणत्या काळात आहोत ते, आणि शेवटी काय करणार आहोत ते. पंचवटीत मी अठरा वर्षं हे म्हणत आलो होतो, त्यामुळे ते जिभेला पाठ होतं. 2008 च्या जानेवारीत, अमेरिकेतल्या माझ्या पहिल्या पहाटे, बाहेर गुडघाभर बर्फ आणि धोतराखाली थर्मलची विजार अशा अवस्थेत मी पळीतून पाणी सोडलं आणि सवयीनं दंडकारण्य म्हणालो, गोदावरीचा तीर म्हणालो. शेजारी उभे असलेले तमिळ गुरुक्कल खुदकन हसले. "शास्त्रिगळ, गोदावरी फार लांब राहिली," असं म्हणून त्यांनी मला प्लास्टिकमध्ये मढवलेला एक कागद दिला. त्यावर जंबुद्वीपाच्या जागी क्रौंचद्वीप होतं आणि भरतखंडाच्या जागी ऐंद्रखंड. पुराणातल्या सात द्वीपांपैकी क्रौंच हे एक. अमेरिकेतल्या बऱ्याच देवळांत संकल्प याच नावानं सोडतात. त्या रात्री खोलीत बसून मी तो नवा पत्ता पोरासारखा घोकला. पासपोर्टवर शिक्का केव्हाच बसला होता, पण देश सुटल्याचं मला कळलं ते त्या रात्री.

आमचं देऊळ शहराबाहेर मक्याच्या शेतांमध्ये होतं, पिट्सबर्गहून मोटारीनं पाचेक तासांवर. नाव सांगत नाही, कारण पुढे थोडी उणीदुणी निघणार आहेत. बाहेरून दक्षिणी गोपुर, दारात बूट ठेवायचे रॅक, आणि आत एकच मोठं दालन. मधोमध काळ्या दगडाचा बालाजी. एका अंगाला शिवलिंग, पार्वती आणि मुरुगन. दुसऱ्या अंगाला संगमरवरी राम-सीता-लक्ष्मण, राधाकृष्ण आणि वाघावरची दुर्गा. कोपऱ्यात महावीर. काचेच्या खोलीत अय्यप्पा. नवग्रहांना भोवती फिरायला जागा हवी म्हणून ते खिडकीजवळ. आणि दाराशी गणपती. पहिल्याच आठवड्यात एक मराठी काकू माझ्याजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाल्या, "गुरुजी, हा उजव्या सोंडेचा आहे हो. याचं सोवळंओवळं नीट होतं ना सगळं?" आपल्याकडे उजव्या सोंडेचा गणपती म्हटलं की माणसं दोन पावलं मागे सरतात. तमिळ लोकांत तोच अधिक शुभ. काकू पुढची अकरा वर्षं त्याला नमस्कार करायच्या, पण जरा अंतर राखून.

एवढे देव एका छताखाली आले ते कुणा आचार्याच्या उपदेशामुळे आले नाहीत. अमेरिकेनं 1965 मध्ये स्थलांतराचा कायदा बदलला, भारतातून डॉक्टर आणि इंजिनियर येऊ लागले, आणि दहाएक वर्षांत त्यांच्या हातात घर बांधून उरेल इतका पैसा आला. पण गावात भारतीय घरं दोन-तीनशे, त्यांत भाषा सात-आठ. प्रत्येकाला वेगळं देऊळ परवडणारं नव्हतं. न्यूयॉर्कमध्ये फ्लशिंगला गणपतीची प्रतिष्ठा 1977 च्या 4 जुलैला झाली, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी. सुट्टीचा दिवस बघूनच मुहूर्त काढण्याची रीत तेव्हापासूनची असावी असं मी गमतीनं म्हणतो. त्याच सुमारास पिट्सबर्गला सगळ्यांनी मिळून एकच देऊळ बांधायचं म्हणून सुरुवात केली आणि शेवटी दोन झाली: पेन हिल्सला तिरुपती देवस्थानाच्या मदतीनं वेंकटेश्वराचं, आणि तिथून जवळच मन्रोव्हिलला हिंदू-जैन मंदिर. मोठ्या शहरांत पुढे ज्यानं त्यानं आपापली वाट धरली. आमच्यासारख्या मधल्या गावांत मात्र ज्याची वर्गणी त्याचा देव, या हिशेबानं दालन भरत गेलं.

आम्ही पुजारी चौघं. बालाजीचे अर्चक तिरुपतीच्या बाजूचे, वैखानस आगमाचे. हे घराण्यातच चालत येतं, बाहेरच्याला शिकून होता येत नाही. त्यांना सगळे 'स्वामी' म्हणायचे. गुरुक्कल तमिळनाडूच्या पाठशाळेत शैवागम शिकून, दीक्षा घेऊन आलेले. तिसरे हरिद्वारकडचे शास्त्रीजी. रामायणाचा पाठ, हवन, सत्यनारायण यांत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. चौथा मी. आमच्या स्मार्तांच्या घरी पंचायतन असतं: शिव, विष्णू, देवी, गणपती, सूर्य. ज्याची आवड त्याला मध्ये ठेवायचं, बाकीचे चार भोवती. त्यात आपल्या देव्हाऱ्यात टाक असतात, अन्नपूर्णा असते, बाळकृष्ण रांगत असतो. कुणालाही कुणाशेजारी बसवायची आम्हाला लहानपणापासून सवय. समितीनं मला निवडलं ते याच कारणासाठी. शास्त्रीजी मला म्हणायचे, आप तो स्टेपनी हो, जिस गाड़ी में लगा दो. मला राग यायचा नाही. स्टेपनी बरेच दिवस डिकीत पडून असते, पण तिच्याशिवाय लांबच्या प्रवासाला कोणी निघत नाही.

तरी स्टेपनीलाही मर्यादा होत्या. गुरुक्कल तापानं पडले की शिवाचा अभिषेक ते मला करू देत. रुद्र दोघांचा एकच. बालाजीच्या गाभाऱ्याचा उंबरा मात्र अकरा वर्षांत मी एकदाही ओलांडला नाही. स्वामी सुट्टीवर गेले की दुसऱ्या राज्यातल्या देवळातून वैखानस अर्चक विमानानं यायचे. समितीतल्या एका तरुण सभासदाला हा खर्च खुपायचा. "गुरुजी आहेत की आपल्याकडे! सगळे देव एकच, मग एवढं काय?" असं तो माझ्यादेखत म्हणाला. मला तो माझा बहुमान वाटायला हवा होता. वाटला नाही.

'सगळे देव एकच' हे वाक्य मी त्या देवळात हजारदा ऐकलं असेल. पाहुण्यांना देऊळ दाखवणारे स्वयंसेवक ते म्हणत, अध्यक्ष भाषणात म्हणत, माहितीपत्रकावर छापलेलं होतं. चुकीचं आहे असं मी कोण म्हणणार? माझ्या हयातीत ते जितक्या वेळा ऐकलं त्याहून अधिक वेळा मीच म्हटलं असेल. पण ज्याला पूजा करायची नसते त्याला ते म्हणणं सोपं जातं. ज्याच्या हातात तांब्या आहे त्याला प्रत्येक देव वेगळा असतो. बालाजीला तुळस, शिवाला बेल. काळ्या दगडाला तेल, दूध, पंचामृत सगळं चालतं, उलट तेल लावलं नाही तर तो कोरडा पडतो. संगमरवराला तेल वर्ज्य. एका उत्साही स्वयंसेवकानं शनिवारची सेवा म्हणून लक्ष्मणाच्या पायांना तिळाचं तेल चोळलं, आणि तो पिवळा डाग आम्ही चौघांनी मिळून काय काय लावलं तरी गेला नाही. पुढे लक्ष्मणाला कायम लांब पितांबर नेसवावा लागायचा.

महावीरांचं आणखी वेगळं. जैन कुटुंबं त्यांच्यापुढे फळं, बदाम, तांदूळ ठेवत. ती वाहिली म्हणजे सोडली, परत प्रसाद म्हणून खायची नाहीत. आमच्या प्रसादाच्या खिडकीवर बसलेल्या मुलानं एका रविवारी तीच सफरचंदं कापून सगळ्यांना वाटली. त्याच्या लेखी देवापुढचं फळ म्हणजे प्रसाद. दुसऱ्या दिवशी जैन कुटुंबांचे तीन फोन आले. ते रागावले नव्हते, दुखावले होते, आणि ते निस्तरणं रागापेक्षा अवघड. मी त्या मुलाला बोललो नाही. 'सगळे देव एकच' हे त्याला आम्हीच शिकवलं होतं.

एकदा तर आगीचा बंब आला. होमासाठी आमच्याकडे बाहेर पत्र्याची शेड होती, पण त्या नवरात्रात पाऊस होता म्हणून दुर्गेपुढे छोटंसं हवन आतच केलं, आणि स्मोक अलार्म बंद ठेवा हे कंपनीला कळवायचं राहून गेलं. सात मिनिटांत चार धिप्पाड माणसं बुटांसह आत. त्यांनी अदबीनं सगळीकडे फिरून पाहिलं, शिवाकडे डोकावले, बालाजीच्या पायरीपर्यंत गेले, "काही नाही, फादर" असं मला म्हणाले, आणि प्रसादाची केळी घेऊन परतले. मग आम्ही शुद्धी केली. स्वामींनी बालाजीपुढच्या जागेची त्यांच्या विधीनं, गुरुक्कलांनी शिवापुढच्या जागेची त्यांच्या विधीनं, आणि उरलेल्या दालनाची मी माझ्या पुण्याहवाचनानं. फरशीवर पाण्याचे तीन वेगळे ओले पट्टे दिसत होते. त्यांच्या मध्ये हातभर जागा कोरडी राहिली होती. कोणाची ते ठरेना, म्हणून शास्त्रीजींनी हसत हसत तिथे गंगाजल शिंपडलं.

शाळेच्या सहली यायच्या. शिक्षिका आधीच सांगून ठेवायची की प्रश्न नम्रपणे विचारा, त्यामुळे मुलं आधी गप्प बसत. 'किती देव आहेत' हा पहिला प्रश्न ठरलेला. त्याला मी उत्तर द्यायचो की इथे मोजता येतात तेवढे, घरी गेलात तर अजून आहेत. एकदा सात-आठ वर्षांच्या एका मुलीनं विचारलं, "रात्री आधी कोण झोपतं?" आम्ही देवांना रात्री झोपवतो हे मी तिला नुकतंच सांगितलं होतं. हा प्रश्न मला अकरा वर्षांत कुठल्याही हिंदू माणसानं विचारला नाही, आणि त्याचं नेमकं उत्तर माझ्याकडे होतं. आधी शिव, सव्वाआठला, कारण गुरुक्कलांची मुलं लहान होती आणि त्यांना घरी जायचं असे. मग साडेआठला बालाजीची एकान्तसेवा. त्यानंतर राधाकृष्ण. गणपती सगळ्यांत शेवटी, कारण तो दाराशी. मुलीनं मान डोलावली. तिच्या घरीही थोरला भाऊ शेवटी झोपत असणार.

आता थोडं आमच्याबद्दल. पुजारी धार्मिक कामगाराच्या व्हिसावर जातात. पहिले तीस महिने, मग वाढवून एकूण पाच वर्षं, आणि तो व्हिसा देवळाच्या नावाचा असतो. देऊळ सुटलं की देश सुटला. ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत ही मान कायम वाकलेली. आमच्याकडे नियम होता की दक्षिणा हातात घ्यायची नाही, सगळी हुंडीत. नियम वाईट नव्हता; पगार ठरलेला असला की दक्षिणेचा हिशेब स्वच्छ असावा हे मलाही पटतं. पण लातूरकडच्या एका आजींनी यजमानांच्या वर्षश्राद्धानंतर माझ्या हातावर अकरा डॉलर ठेवले, वरून तुळशीपत्र ठेवून पाणी सोडलं आणि वाकून नमस्कार केला. ती दक्षिणा मी तिथल्या तिथे पेटीत टाकली असती तर त्यांचं श्राद्ध अपुरं राहिलं असतं, असं त्यांना वाटलं असतं. मी ती कनवटीला लावली. कॅमेऱ्यात दिसलं. समितीच्या बैठकीत पडद्यावर मला ते दृश्य दाखवण्यात आलं आणि हातात समजपत्र देण्यात आलं. स्वामी त्या बैठकीत काहीच बोलले नाहीत. रात्री माझ्या खोलीच्या दारात पुळिहोऱ्याचा, म्हणजे त्यांच्याकडच्या चिंचेच्या भाताचा, डबा ठेवलेला होता. आम्हा दोघांत बोलायची भाषा म्हणजे मोडकंतोडकं संस्कृत आणि मोडकंतोडकं इंग्रजी. डबा दोन्हींपेक्षा शुद्ध होता.

सण शनिवारी सरकवायची तिथली रीत मला पचली नाही, आणि बदलताही आली नाही. तिथी पृथ्वीभर एकाच क्षणी लागते, पण उदयतिथी धरायची तर सूर्योदय ज्याच्या त्याच्या गावचा. भारतात जी एकादशी मंगळवारी, ती आमच्याकडे पुष्कळदा सोमवारी. घरून बायकोचा फोन यायचा, "अहो, आमचा उपास आज, तुमचा काल कसा झाला?" समजावून सांगेपर्यंत उपासाची खिचडी गार. आणि या सगळ्या गणितावर पाणी सोडून समिती म्हणायची, शनिवारी करू, सगळ्यांना सोयीचं.

या सगळ्यात विठोबा आला.

गावात मराठी घरं शंभर-सव्वाशे. गणेशोत्सव ते शाळेचा हॉल भाड्यानं घेऊन करत, देवळाशी त्यांचा संबंध येऊन-जाऊन. 2014 मध्ये त्यांच्यातल्या काहींनी अर्ज केला की आम्हाला विठ्ठल-रखुमाई बसवायचे आहेत, खर्च आमचा. बैठकीत अध्यक्षांनी सरळ प्रश्न विचारला: विष्णू म्हणून बालाजी आहे, कृष्ण म्हणून राधाकृष्ण आहेत, मग हा तिसरा कशाला? मागच्या रांगेत सोलापूरकडचे एक निवृत्त डॉक्टर आजोबा बसले होते. ते उठून म्हणाले, "तुम्ही पाहुण्यांना सांगता ना, सगळे एकच? मग एक ठेवला काय न् तीन ठेवले काय, तुमचं जातंय काय?" हशा झाला, पण ठराव हशानं पास झाला नाही. तो पास झाला कारण मराठी माणसांनी ज्यांना मोजलंच नव्हतं ते लोक उभे राहिले. कानडी मंडळी म्हणाली, विठ्ठल आमचाही. पुरंदरदासांच्या प्रत्येक पदाच्या शेवटी तोच असतो, हंपीला त्याचं एवढं मोठं देऊळ आहे. तेलुगू बायकांना पांडुरंग ठाऊक होता तो एन.टी. रामारावांच्या 1957 च्या सिनेमातून. त्यांच्यातल्या एका शिक्षिकेनं तेनाली रामकृष्णानं पांडुरंगाच्या माहात्म्यावर काव्य लिहिल्याचं सांगितलं. आणि तमिळ मामी! तंजावरच्या मराठ्यांपासून त्यांच्या भजनपरंपरेत अभंग मुरलेले आहेत. तुकोबांचे अभंग त्यांना आमच्या मराठी पोरांपेक्षा जास्त पाठ होते. 'ळ' तर त्यांचा पक्काच. बाकीचे उच्चार तेवढे आपल्या कानाला लावून घ्यावे लागत.

मूर्ती महाबलीपुरमच्या शिल्पकारांकडे करायला दिली, कारण बाकीची सगळी दगडी दैवतं तिथूनच आली होती. खोका उघडला तेव्हा मी होतो. हात कटीवर, पायाखाली वीट, सगळं फोटोबरहुकूम. पण नाक धारदार, ओठांवर बालाजीचं हसू, दंडावर बाजूबंद. एक काकू बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "छान आहे. पण आपला वाटत नाही." कुणीतरी म्हणालं, सासरी आलाय, होईल सवय. गुरुक्कलांनी मुकुट निरखून पाहिला. पंढरपूरच्या विठोबानं डोक्यावर शिवलिंग धारण केलं आहे अशी आपली श्रद्धा, आणि शिल्पकारानं ते मन लावून कोरलं होतं. गुरुक्कल म्हणाले, "मग यात माझाही वाटा आहे." त्या दिवसापासून ते रोज येता-जाता विठोबाच्या पायांकडे नव्हे, मुकुटाकडे बघून हात जोडत.

खरा पेच पायांचाच पडला. विठोबा म्हणजे विष्णू, म्हणून गाभारा स्वामींच्या ताब्यात. वैखानस गाभाऱ्यात अर्चकाखेरीज कोणी जात नाही, मूर्तीला हात लावणं तर दूरच. आणि आपल्याकडे विठोबाचं दर्शन म्हणजे पायांवर डोकं. पंढरपुरात दारातल्या माणसापासून मंत्र्यापर्यंत प्रत्येकाचं डोकं त्याच पावलांवर टेकतं. इतकं की दगडाची झीज थांबवायला वज्रलेप करावा लागतो. तो हक्क सगळ्यांना सहज मिळालेला नाही. दलितांना त्या देवळात प्रवेश मिळावा म्हणून साने गुरुजींनी 1947 मध्ये तिथेच प्राण पणाला लावून उपोषण केलं. त्या डॉक्टर आजोबांनी हे सगळं स्वामींना इंग्रजीतून सांगितलं, आणि शेवटी म्हणाले, "लांबूनच पाहायचा असता तर आम्ही टीव्हीवर पाहिला असता."

स्वामींनी तीन दिवस मागितले. मला वाटलं, हा नकार. चौथ्या दिवशी ते शठारी घेऊन आले. दक्षिणेच्या विष्णुमंदिरांत चांदीचा टोप असतो, त्यावर देवाची पावलं कोरलेली असतात, आणि तो भक्ताच्या डोक्यावर क्षणभर ठेवतात. स्वामी म्हणाले, "तुमच्यात डोकं पायांपर्यंत जातं. आमच्यात पाय डोक्यापर्यंत येतात. विठ्ठलासाठी मी वेगळी शठारी करून घेतो." मला तो तोडगा इतका सुंदर वाटला की मी मनातल्या मनात हो म्हणून टाकलं. मराठी मंडळींना तो पटला नाही. त्यांचंही बरोबर होतं. देव खाली उतरून येणं वेगळं, आणि आपण वाकणं वेगळं.

मग स्वामींनीच दुसरा मार्ग सुचवला, आणि तो त्यांना किती जड गेला असेल हे मला नंतर कळलं. दगडाची मूर्ती गाभाऱ्यात, वैखानस विधीनं, त्यांच्याकडे. पंचधातूची दीड फुटी वेगळी मूर्ती बाहेर चौरंगावर, स्मार्त पद्धतीनं प्रतिष्ठा केलेली, माझ्याकडे. तिला कुणीही शिवावं. स्वामी तिला कधी हात लावणार नाहीत, मी आत जाणार नाही. एकाच विठोबाचे दोन विठोबा, दोन पुजारी, दोन पद्धती, मध्ये आठ फूट फरशी. 2015 च्या वसंतात दोन्ही प्रतिष्ठा झाल्या. त्यांच्याकडे तीन दिवस अधिवास, अग्नी, कलश यांची धामधूम; माझ्याकडे दीड दिवसात आटोपलं. शेवटी त्यांनी आतून आरती दाखवली तेव्हा मी बाहेर काकडा फिरवत होतो, आणि दोन्ही आरत्या एकाच क्षणी थांबल्या. ठरवून नाही.

बारीकसारीक कुरबुरी पुढेही चालू राहिल्या. बुक्का गाभाऱ्यात नको, काळी पूड दगडावर बसते, असं स्वामी म्हणाले. बुक्का बाहेरच्या विठोबापुरता राहिला. साबुदाण्याची खिचडी घरून आणलेली चालणार नाही, देवळाच्याच स्वयंपाकघरात करा, असा नियम निघाला. मग आषाढीला पहाटे पाचला सात बायका तिथे शेंगदाणे भाजायला येऊ लागल्या. प्रसादाच्या खिडकीवर 'यात शेंगदाणे आहेत' अशी मोठी पाटी लावावी लागे, कारण कुठल्या मुलाला ॲलर्जी असेल सांगता येत नाही. आषाढी मात्र मी शनिवारी सरकवू दिली नाही. तेवढ्या एका बाबतीत समजपत्राची भीती न बाळगता मी समितीपुढे अडून बसलो. दिंडी शनिवारी गाड्यांच्या वाहनतळावर काढा, टाळ-मृदंग वाजवा, रिंगण धरा. पण एकादशीचा विठोबा एकादशीलाच जागा राहील. कामावरून सुटून लोक रात्री नऊनंतर यायचे, हॉस्पिटलच्या निळ्या कपड्यांतच, आणि रांगेत उभे राहून एकेकानं पायांवर डोकं ठेवायचं. त्यात कानडी असत, तमिळ असत, आमच्या जैन कुटुंबांतले दोघं-तिघंही असत. उजव्या सोंडेला बिचकणाऱ्या काकू इथे मात्र जवळ येऊन, पावलांना मिठी मारून रडायच्या. त्या का रडतात हे मी कधी विचारलं नाही.

2019 मध्ये आईच्या आजारपणामुळे मी परत यायचं ठरवलं. निघण्याआधी महिनाभर समितीनं सगळ्या धातूच्या मूर्तींना उजाळा द्यायचं काम काढलं. कारागीर यादी घेऊन आला. माझ्या विठोबाच्या पावलांवरचा सोनेरी मुलामा चार आषाढ्यांत उडून गेला होता. अंगठ्यांपाशी तांबूस धातू उघडा पडला होता, आणि बाकी सगळी मूर्ती नवी कोरी. ते बरं दिसत नाही, असं अध्यक्ष म्हणाले. मी नको म्हटलं. अध्यक्षांनी स्वामींकडे पाहिलं. ती मूर्ती त्यांच्या अखत्यारीत नव्हती, तिला त्यांनी कधी बोट लावलं नव्हतं. स्वामी लांबूनच वाकून त्या पावलांकडे थोडा वेळ पाहत राहिले, आणि कारागिराच्या यादीतलं ते नाव त्यांनी स्वतःच्या हातानं खोडलं.